ब्रेकमधली हवा

आमच्या ह्यांच्या गाडीची मला लाज वाटते, हे मी कधी लपवलेलं नाही. लांबलचक स्टेशन वॅगन. मागून पाहिली तर कपाटं-पलंग वाहायची वाटते, आणि किल्ली फिरवली की अख्खी गल्ली दचकते. इंजिन पाच सिलिंडरचं, वर टर्बो. घेतली तेव्हाच कुणीतरी कंटाळून विकलेली होती. आता तिच्या वयाच्या बाकी गाड्या भंगारात जाऊन त्यांची पातेली झाली असतील, पण हे तिला मरू देतील तर ना! स्प्रिंगा बदलून तिला खाली बसवली. सायलेन्सर बदलून आवाज वाढवला. ज्या वस्तूचं नावच सायलेन्सर, तीच बदलून आवाज वाढवणारा माणूस नेमका माझ्या वाट्याला यावा!

मुलगी त्यांच्यावरच गेली. ती दातांची डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या तोंडात डोकं आणि सुट्टीच्या दिवशी गाडीच्या पोटात. दवाखान्यातला जुना छोटा आरसा आणून इंजिनाच्या मागची गळती बघत बसते. दाढेमागचं दिसतं तसं सगळं दिसतं म्हणे. बापलेक शेडमध्ये गेले की मला घरात दिवसभर विचारणारं कुणी नाही. चहा नेला तर हे म्हणणार, “ठेव तिथे,” आणि ‘तिथे’ म्हणजे कुठे, ते ग्रीसच्या डब्यालाच ठाऊक.

हे सगळं मी हसत सांगू शकते. पुढचं नाही.

मागच्या महिन्यात ह्यांनी गाडी मागे घेताना फाटकाच्या खांबाला ठोकली. चांगली दणकून. खांब वाकडा झाला. “खांबच पुढे आला,” म्हणून हे हसले, मीही हसले. पण त्या खांबाला टेकून शेजारची मुलगी रोज शाळेच्या बसची वाट बघते. त्या दिवशी सुट्टी होती, एवढंच. हे मनात आलं आणि माझी झोप उडाली. पूर्वी हे मागे न बघता आरशात बघून सुईत दोरा ओवल्यासारखी गाडी आत घ्यायचे. हल्ली आरशात बघतात, मागे वळून बघतात, आणि तरीही चुकतात.

आता सरळ मार्ग असा की बायकोनं नवऱ्याला सांगावं, अहो, पुरे करा आता गाडी चालवणं. एवढी वर्षं संसार केला, मीठ जास्त झालंय हे ते मला तोंडावर सांगतात, मग मला एवढं सांगता येऊ नये? नाही आलं. मी दुसऱ्या गावी असलेल्या मुलाला फोन केला आणि त्याच्यापुढे रडले. मुलीलाही बाजूला घेतलं. “तुम्ही बोला, माझं ते ऐकणार नाहीत,” म्हटलं. खोटं होतं ते. माझं त्यांनी ऐकलं असतं. मला फक्त वाईट व्हायचं नव्हतं.

परवा दोघांनी गाडीला मोठे ब्रेक बसवले. त्याच कंपनीच्या दुसऱ्या, दांडग्या मॉडेलचे. ब्रेकचे पाइप उघडले की त्यांत हवा शिरते, आणि हवा राहिली तर पाय दाबला तरी गाडी थांबत नाही. म्हणून ती काढावी लागते. एकानं आत बसून ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्यानं चाकापाशी बसून पान्यानं बारीकसा बोल्ट सैल करायचा, तेल आणि बुडबुडे बाहेर आले की परत आवळायचा. मगच पाय उचलायचा. बोल्ट उघडा असताना पाय उचलला तर बाहेरची हवा पुन्हा आत, आणि सगळी मेहनत पाण्यात. म्हणून दोघांचं बोलणं ठरलेलं. स्वयंपाकघराची खिडकी शेडवरच उघडते, त्यामुळे ते बोलणं मला पाठ आहे.

“बाबा, दाब.”

“दाबलं.”

मग पान्याचा आवाज.

“सोड.”

“सोडलं.”

सगळं सुरळीत चाललं होतं. कुंपणापलीकडे शेजारच्या शिंपीणबाई वाकड्या खांबाची पाहणी करत उभ्या होत्या. मुलगी मागच्या चाकापाशी मांडी घालून बसली होती, कानात ती फोनची पांढरी बोंडं. हे पुढे गाडीत, म्हणजे त्यांना ती दिसत नव्हती. मला दिसत होती, आणि फोनवर तिचा दादा आहे हेही कळत होतं. “आज सांगच” म्हणून तो तिच्या मागे लागला असणार. मीच त्याला लावलं होतं ना मागे.

“दाब,” ती म्हणाली. “दाबलं,” हे म्हणाले. तिनं बोल्ट सैल केला. आणि मग वैतागून फोनवर म्हणाली,

“सोड ना बाबा! त्याला आता काही कळत नाही, उद्या कुणालातरी चिरडून येईल. पण सांगायचं कुणी? मीच?”

हातातली पोळी तव्यावर टाकायची राहिली. सोड ना बाबा आपण कुणालाही म्हणतो. भावाला म्हणतो, मैत्रिणीला म्हणतो, पायात घोटाळणाऱ्या मांजरालाही म्हणतो. पण गाडीत बसलेल्या माणसाचं नावच बाबा, आणि कान त्याच एका शब्दाकडे लागलेले.

ह्यांनी पाय उचलला. “सोडलं,” म्हणाले. आवाज बारीक झाला होता, कारण पुढचंही ऐकून झालं होतं.

नळीतून हवा सूं करून आत गेली. पोरीनं बोल्ट आवळला, पाना फरशीवर आपटला आणि उठली.

“बाबा! मी सोड म्हटलं का?”

“म्हणालीस ना.”

“कधी म्हटलं? काहीही ऐकू येतं तुला! आता सगळं पहिल्यापासून करायचं. एक साधं काम, पाय दाबून धरायचा, तेही जमत नाही?”

शिंपीणबाईंनी मान खाली घातली, म्हणजे सगळं ऐकलं. हे गाडीतून उतरले. त्यांनी लेकीकडे पाहिलं, मग तिच्या कानांतल्या बोंडांकडे. त्यांना समजलं. मी खिडकीतून ते समजताना पाहिलं, देवा, ते मला पाहायला लागायला नको होतं.

“चुकलं माझं,” हे म्हणाले. “कानांचा भरवसा राहिला नाही.” खिशातून गाडीची किल्ली काढली आणि तिच्या हातात दिली. “तुझ्याकडेच राहू दे आता. मी काही चालवत नाही.”

तिला वाटलं, रागानं देतोय. मला हवं होतं ते न मागता पदरात पडलं होतं, आणि ते हातात धरवत नव्हतं.

“आई, तू ये गं, बस इथे,” मुलीनं हाक मारली.

मी गेले. पिठाचे हात पदराला पुसून त्यांच्या जागेवर बसले. सीट त्यांच्या पायांच्या मापानं मागे सरकवलेली, माझा पाय ब्रेकपर्यंत पोचेना. ह्यांनीच वाकून ती पुढे ओढून दिली. “एवढं दाबायचं, आणि ती म्हणेपर्यंत उचलायचं नाही,” असं हळू आवाजात शिकवलं आणि तेलाची बाटली धरायला मागे गेले. दाब म्हटलं की मी दाबत होते, सोड म्हटलं की सोडत होते. एका चाकाकडून दुसऱ्याकडे जाताना लेकीला सांगता आलं असतं की बाई, तू म्हणाली होतीस. तोंडात आलेलं मी गिळलं. हे एक उघडलं तर माझंही उघडलं असतं.

संध्याकाळी मुलगी मोरीत नखांतलं काळं घासत होती. मुलाचा फोन आला. हे नेहमी फोन स्पीकरवर टाकूनच बोलतात.

“अरे, ऐक,” हे स्वतःहून म्हणाले. “किल्ली दिली मी तिला. आज तिनं सोड म्हटलं नव्हतं तरी पाय सोडला. कान गेले माझे. तिनं काही म्हटलं नाही हं मला, मीच ठरवलं.”

“बाबा, असं काय...” आमचा मुलगा सरळ, आणि सरळ माणसासारखा धोका नाही. “थांब, एक मिनिट. ती मला म्हणाली होती, ‘सोड ना बाबा’. तेव्हा तू तिथेच...”

“हॅलो?” हे म्हणाले. “हॅलो? तुटतंय रे.” मुलाचा आवाज घरभर खणखणीत येत होता. ह्यांनी फोन बंद केला. “बघा. काही ऐकू येत नाही.”

मोरीतला नळ बंद झाला. मुलगी ओल्या हातांनी दारात आली.

“बाबा, तू बरोबर ऐकलं होतंस.”

“काय?”

“मी म्हटलं होतं सोड. तू बरोबर ऐकलंस. आणि मी सगळ्यांसमोर तुला...”

“मोठ्यानं बोल, बेटा.”

“बाबा, नको ना असं करूस!” ती रडायलाच लागली.

“मला सकाळीही काही ऐकू आलं नाही आणि आत्ताही येत नाही,” हे तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले. “हात पूस आधी. साबण तसाच आहे.”

तिला वाचवायला हा माणूस बहिरा व्हायला तयार होता. मी ओट्याकडे तोंड करून उभी होते, माझी मान वर होत नव्हती. आणि मी बोलले. अगदी हळू, भिंतीशी बोलावं तसं.

“मुलांना मीच सांगायला लावलं होतं.”

मुलीलाही ऐकू गेलं नाही. तिनं विचारलं, “काय म्हणालीस, आई?”

हे मात्र लगेच वळले.

“तू?”