कोलू पंगतीतून उठला

सिंदेवाहीच्या रस्त्यावर कांताबाई रामटेक्यांची धानाची गिरणी होती आणि मी, श्रावण, तिथे वजनाच्या काट्यावर बसायचो. त्या गिरणीबद्दल कोणी वाकडं बोललं तर मला आजही खपत नाही. कांताबाईंचे यजमान सोमाजीभाऊ वारल्यावर ‘बाईमाणूस काय गिरणी चालवते’ म्हणून नाकं मुरडणाऱ्यांच्याच धानाच्या बैलबंड्या पुढे आमच्या दारात उभ्या राहिल्या. त्यातलं निम्मं श्रेय कोलूचं. धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावचा हा गोंड गडी मशीनवर असला की तांदळाची फारशी कणी होत नसे. व्यापारी बंडीवरून उतरायच्या आधी विचारायचे, कोलू आहे ना?

त्या वर्षी गडचांदूरकडच्या सिमेंटच्या कामावर माणसं न्यायला एक ठेकेदार गावोगाव फिरत होता. पगार आमच्याहून बराच जास्त. आमचे दोन हमाल गेलेही. उरलेले कोलूच्या तोंडाकडे बघत होते. तो गेला की सगळे जाणार आणि ऐन हंगामात गिरणीला कुलूप लागणार, हे कांताबाईंना पक्कं ठाऊक होतं. पगार वाढवायची ऐपत नव्हती. पण आपली माणसं आपण जपायची, हे त्यांनी मनाशी धरलेलं.

नव्या धानाची पहिली भरडाई झाली त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना गिरणीच्या अंगणात जेवायला बसवलं. नवा तांदूळ स्वतः शिजवला, स्वतः वाढायला घेतला. सगळी पंगत खूश. कोलूजवळ आल्या तर त्याने पत्रावळीवर हात आडवा धरला.

“मले नाई जमत, बाई.”

बाईंचा चेहराच उतरला. त्यांच्या सासऱ्यांनी छप्पनला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. पंगतीत जात बघून हात मागे घेणारी माणसं त्या घराने पिढ्यान् पिढ्या पाहिली होती.

“माह्या हातचं चालत नाई काय तुले? मंग जा गडचांदूरले,” त्या म्हणाल्या.

कोलू खाली मान घालून उठला आणि निघून गेला. मला तर त्याचा असा राग आला की काही विचारू नका.

सकाळी मात्र बाई म्हणाल्या, “श्रावण, हा गडी पाच वर्षं माह्या घरचा चहा पेते. मंग कालच काऊन अडलं? चाल.” मी म्हटलं, मालकिणीने गड्याच्या दारी जाऊ नये. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट चपला घातल्या.

कोलू झोपडीत गाठोडं बांधत होता. बाईंनी सरळ विचारलं. त्याने गाठोडं बाजूला सारलं.

“तांदूळ नवा होता, बाई. आमच्या गावचा पंडूम, नव्याचा सन, होवाचा हाय. देवाले आन् मेलेल्या बुढ्यायले नवं देल्याबिगर आमी तोंडाले लावत नाई.”

“मंग काल सांगतलं काऊन नाई?”

“तुमी इचारलं नाई. जा म्हनलं.”

बाई उंबऱ्यावरच बसल्या. “चुकलं माहं,” त्या म्हणाल्या. गड्यासमोर असं म्हणणारा मालक मी तोवर पाहिला नव्हता. मग विचारलं, “पंडूम कवा हाय?”

“गायता, आमचा पुजारी, ठरवल तवा. याच हप्त्यात.”

“जा मंग. मशीनले दुसऱ्या कोनाचा हात लागनार नाई.”

बाईंनी शब्द दिला तो पाळला, मशीन बंदच ठेवली. दारात बंड्या खोळंबल्या, व्यापारी कुरकुरले, गावाने बाईंना वेड्यात काढलं. कोलू तिकडूनच गडचांदूरला पळणार, असं जो तो सांगत होता. खरं सांगतो, माझाही धीर सुटला होता.

तो परतला तेव्हा ठेकेदार आमच्याच दारात हमालांना गोळा करत उभा होता. त्याने कोलूला तिथेच गाठलं. दीडपट पगार, वर आठवड्याची सुट्टी. हमाल कान टवकारून ऐकत होते. बाई दारातच होत्या.

कोलूने अंगातला सदरा काढून खुंटीला टांगला.

“तिथी सुट्टी भेटते, भाऊ,” तो म्हणाला. “इथी बाई घरी येऊन इचारते, काऊन नाई जेवला मनून.”

आणि तो मशीनकडे गेला. एक हमाल उठला, त्याच्यामागे दुसरा. मग सगळेच.

माझा ऊर असा भरून आला की काट्यावरचं वजन मला दिसेना.