फळीखालच्या खुणा

माझी बायको ओंदिना फेब्रुवारीत गेली. मे महिन्यात मिठागरात पाणी घ्यायची वेळ आली, तेव्हा तिचं कामही आता माझ्याकडे आलंय हे ध्यानात आलं.

पाणी माझं, पाखरं तिची, अशी आमची वाटणी होती. बांधावर चिखल्या पाखरांची जोडी उतरली की ती घरट्याशेजारी काठी रोवून तिला लाल लोकर बांधायची. नाहीतर माझा पाय पडायचा. घरटं म्हणजे वाळूतला खळगा आणि त्यात तीन ठिपकेदार अंडी. पूर्वी वीसेक जोड्या असायच्या. मग किनाऱ्यावर हॉटेलं झाली, वाळू गेली. यंदा एकच जोडी आली. लोकर ओंदिनाच्या ॲप्रनच्या खिशात सापडली. काठी मी रोवली.

उघाडीच्या, म्हणजे समुद्राचं पाणी आत घ्यायच्या दाराच्या, खांबावर माझ्या बापाने कोरलेली खूण आहे. भरतीचं पाणी खुणेला लागलं की खाचेत फळी टाकून दार बंद करायचं आणि जेवायला घरी जायचं. फळी टाकून तिथेच बसणाऱ्याला आमच्यात नवशिका समजतात. ओंदिना मात्र बसायची. पाखरं बघते म्हणायची. शेजारच्या मिठागराचा युस्त तिला चिडवायचा, नवऱ्याच्या फळीवर तुझा भरवसा नाही वाटतं.

उधाणाच्या दिवशी नेवा आली होती. ही पक्षी मोजणारी पोरगी, ओंदिनाची लाडकी. फळी कधी टाकणार, विचारू लागली. मी खूण दाखवली.

"काका, खुणेपर्यंत थांबू नका. तिथे थांबायचं हे समुद्राला कुणी सांगितलंय का?"

चाळीस वर्षं मीच मीठ पिकवतोय, असं म्हणून मी खुणेवर फळी टाकली आणि घरी गेलो. सूप गरम होत होतं, तेवढ्यात तिचा फोन आला. पाणी फळीवरून आत येत होतं.

मी पोहोचलो तेव्हा पाणी घरट्यापासून वीतभरावर होतं. नेवा टोपीतून वाळू आणत होती. मी अंडी ओंजळीत घेतली, तिने खळग्यात वाळू भरली, वर नवा खळगा केला, मी अंडी परत ठेवली. मग फळीवर लावायला काहीतरी शोधत खोपटात गेलो. दाराआड एक अरुंद फळी उभी होती. तिच्या खिळ्याला लाल लोकर होती. ती खाचेत पहिल्या फळीवर नेमकी बसली. पाणी थांबलं.

खाली वाकलो होतो म्हणून दिसलं. बापाच्या खुणेखाली आणखी तीन खुणा होत्या, स्वयंपाकाच्या सुरीने कोरलेल्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा बोटभर खाली.

"दरवर्षी एक, समुद्र चढत गेला तशी फळी आधी टाकायला," नेवा म्हणाली. "त्या खुणेला पाणी लागलं की काकू तुम्हाला हाक मारायच्या ना?"

मारायची. टाक रे फळी, तुला भूक लागली असेल, म्हणायची. मी टाकायचो. खुणेकडे बघायची वेळच येत नसे.

"मला का नाही सांगितलं?"

"म्हणायच्या, बापाची खूण चुकली असं सांगितलं तर हा चार दिवस जेवायचा नाही."

हे खरं होतं.

मादी डोक्यावर घिरट्या घालत होती. उंच झालेल्या खळग्याकडे यायची, परत उडायची. आम्ही लांब जाऊन बसलो. ती आली नसती, तर अंडी थंड झाली असती आणि ते माझ्याच हातून झालं असतं. युस्त सायकलवरून चालला होता. लिव्हिओ, म्हातारपणी नवशिका झालास काय रे, असं त्याने विचारलं. हो म्हटलं, आणि बसून राहिलो.

पाणी उतरायला लागल्यावर मादी चालत आली, काठीला वळसा घातला आणि अंड्यांवर बसली.