‘नका’मधला न

मित्रांनो, मी एक जुना, छोटासा प्रोग्रॅम आहे. मला चेहरा नाही, चित्रं नाहीत, दाबायला बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर कुणी माझं नाव टाइप केलं की मी जागा होतो, दिलेला मजकूर ठरलेल्या रुंदीत कापून ओळी पाडतो आणि पुन्हा गप्प बसतो. माझा जन्म परदेशातला. ज्या माणसानं मला लिहिलं, त्यानं माझा सोर्स कोड, म्हणजे माझ्या आतला सगळा मजकूर, जगासाठी उघडा ठेवला. कुणीही मला न्यावं, वाचावं, दुरुस्त करावं. न्यायला पुष्कळ आले. वाचायला फार थोडे.

असाच मी कोल्हापुरातल्या एका धर्मादाय दवाखान्याच्या संगणकात येऊन पडलो. तिथलं संगणकाचं सगळं काम अवंतिका बघायची. औषधाच्या पाकिटावर चिकटवायच्या चिठ्ठ्यांसाठी ओळी पाडायचं काम तिनं मला दिलं. चिठ्ठ्या इंग्रजीत असत, त्यामुळं पेशंट त्या न वाचता औषधं देणाऱ्या शाहबाजलाच सगळं विचारत. तेच तेच सांगून त्याचा घसा बसायचा. ते बघून अवंतिकानं सूचना मराठीत छापायचं ठरवलं. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. दवाखान्याच्या मुख्य डॉक्टर संयोगिताबाईंनी तर सगळ्यांना चहा पाजला.

त्याच आठवड्यात शाहूवाडीकडच्या बायडाबाई गुडघे दाखवायला आल्या. त्यांच्या गोळीच्या चिठ्ठीवर शेवटची ओळ होती, ‘उपाशीपोटी घेऊ नका’.

ही ओळ चिठ्ठीवर आरामात मावत होती, मित्रांनो. पण मला लिहिलं गेलं तेव्हा एक अक्षर म्हणजे संगणकाच्या आत एक घर, असा हिशेब होता. देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन घरं लागतात हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. मी घरं मोजत गेलो आणि रुंदी भरली तिथं कात्री चालवली. ती नेमकी ‘न’च्या मधोमध चालली. फुटलेलं अक्षर प्रिंटरला ओळखू येईना, त्यानं ते गाळून टाकलं. चिठ्ठीवर उरलं, ‘उपाशीपोटी घेऊ’ आणि खालच्या ओळीत एकटा ‘का’.

दोन-तीन दिवसांनी बायडाबाईंना जीपमधून परत आणलं. पोटात आग पडलेली, उलट्या थांबत नव्हत्या. सोबत सून होती, पूर्णिमा. संयोगिताबाईंनी विचारलं, गोळी उपाशीपोटी का घेतली. पूर्णिमानं पाकीट पुढं केलं. खाटेवरून बायडाबाईच बोलल्या.

“चिठ्ठीच इचारत हुती की, उपाशीपोटी घेऊ का म्हणून. सुनंनं वाचून दावलं. मी म्हटलं, घेतो.”

त्यांना मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. त्या वाचल्या, पण अंगानं पार खंगून गेल्या.

बोलणी खाल्ली अवंतिकानं. तिनं मूळ मजकूर दाखवला, त्यात ‘नका’ धडधडीत होतं. मग तिनं प्रिंटर तपासला, फॉन्ट बदलला, वायरी बदलल्या. माझ्याकडं तिनं सगळ्यांत शेवटी पाहिलं, कारण मी कधी चुकलो नव्हतो. ओळ माझ्यातूनच फुटून बाहेर पडत होती. तिनं कपाळाला हात लावला.

रुंदी वाढवून बघितली तर औषधांची इंग्रजी नावं चिठ्ठीबाहेर जायला लागली. शेवटी शाहबाज बॉलपेन घेऊन प्रत्येक चिठ्ठीवर गळालेली अक्षरं हातानं भरायला लागला. खिडकीपुढची रांग दारापर्यंत गेली. कटकट नको, परत इंग्रजी करा, असं संयोगिताबाई म्हणाल्या. अवंतिकानं थोडे दिवस मागून घेतले.

माझ्या तक्रारी नोंदवायची इंटरनेटवर एक जागा आहे. तिथं तिनं सगळं सविस्तर लिहिलं, चिठ्ठीचा फोटो जोडला. आता मला सांभाळणाऱ्या, म्हणजे माझ्यातल्या दुरुस्त्या बघणाऱ्या माणसाचं उत्तर आलं, माझ्याकडं बरोबर चालतंय, तुमचा प्रिंटर तपासा. त्यानं इंग्रजी ओळ कापून बघितली होती. तिनं पुन्हा समजावलं, मराठी ओळ घेऊन बघा. त्यावर काहीच आलं नाही. मग एके दिवशी तिथल्या यंत्रानं आपोआप निरोप टाकला, बरेच दिवस हालचाल नसल्यामुळं ही तक्रार बंद करण्यात येत आहे.

“हालचाल तुम्ही करायची हुती की,” अवंतिका पडद्याकडं बघून म्हणाली.

मित्रांनो, माझी चीड कशी सांगू? दुखतंय कुठं हे मला पक्कं ठाऊक होतं. पण मला तोंड नाही. माझ्या पोटातल्या चार ओळी कुणी नीट वाचल्या असत्या तर दुखणं समोरच दिसलं असतं. मी तसाच कापत राहिलो आणि शाहबाज तशीच भर घालत राहिला.

शेवटी तिनंच मला उघडलं. कॉलेजात परीक्षेपुरती शिकलेली प्रोग्रॅमिंगची भाषा, ती दुपारी ओपीडी संपल्यावर पुन्हा उगाळत बसायची. पहिल्या दुरुस्तीनं माझं इंग्रजीही बिघडलं. ती तिनं पुसली, दुसरी केली. ती जमली. तिनं ती तक्रारींच्याच जागी पाठवून दिली. त्यावर तिथं येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी एकानं सांगितलं, कोडच्या ओळींआधीच्या मोकळ्या जागा इथल्या पद्धतीच्या नाहीत. तिनं त्या बदलल्या. दुसऱ्यानं लिहिलं, यानं वेग कमी होईल. तिनं मोजून दाखवला. मग कुणी म्हणालं, दुरुस्ती चालते हे तपासायला एखादी नमुना ओळ, म्हणजे चाचणी जोडा. तिनं बायडाबाईंच्या चिठ्ठीचीच ओळ चाचणी म्हणून जोडली. पुन्हा शांतता. तिकडं यंत्रानं परत इशारा दिला, हालचाल नाही, बंद करू.

त्या दिवशी अवंतिकानं नमस्कार-चमत्कार सगळे सोडले. तिनं लिहिलं, “या ओळीचा अर्थ तुम्हाला माहीत नाही म्हणून सांगते. ‘उपाशीपोटी घेऊ नका.’ तुमचा प्रोग्रॅम छापतो, ‘उपाशीपोटी घेऊ का?’ एका म्हाताऱ्या बाईनं हो म्हटलं आणि ती मरता मरता वाचली.”

या वेळी मला सांभाळणारा स्वतः आला. त्यानं लिहिलं की मी एकटाच आहे, नोकरी करून उरलेल्या वेळात हे बघतो, आणि तक्रारींचा ढीग इतका झालाय की उघडायचीच भीती वाटते. त्या ओळीत काय लिहिलंय हे आपण कधी विचारलंच नाही, याची त्यानं माफी मागितली. दुरुस्ती त्यानं माझ्यात घेतली. नवी आवृत्ती अवंतिकानं दवाखान्यात आणली आणि शाहबाजचं बॉलपेन खिशात गेलं. चिठ्ठ्या मराठीतच राहिल्या.

गोष्ट इथं संपली असती तर मीही खूश झालो असतो. पण माझ्या बंद तक्रारी चाळताना अवंतिकाला एक जुनी तक्रार दिसली. एका तमिळ शिक्षकानं काही वर्षांपूर्वी लिहिली होती. हेच दुखणं, हीच तीन घरं. इंग्रजी मोडकंतोडकं होतं, पण सगळं बरोबर सांगितलं होतं. खाली कुणाचंही उत्तर नव्हतं. फक्त यंत्राचा निरोप होता, हालचाल नाही, बंद. तिनं ती शेवटपर्यंत वाचली. मग तिनं त्याला लिहिलं की तुमचं म्हणणं खरं होतं, आता ते दुरुस्त झालंय. त्याचं उत्तर आलं नाही. कदाचित तो कंटाळून केव्हाच निघून गेला असेल.

मित्रांनो, मला नेणारे तुम्ही पुष्कळ आहात. मी बिघडलो तर मला शिव्या द्या, पण काय बिघडलं तेही लिहा. आणि ज्यांच्याकडं ते लिहिलेलं येतं, त्यांनी बंद करण्याआधी एकदा वाचा. समजलं नाही तर अर्थ विचारा. माझ्यासारख्याला स्वतःचं दुखणं सांगता येत नाही, ते कुणीतरी माणसानंच सांगावं लागतं आणि माणसानंच ऐकावं लागतं.

आता मला सांभाळणाऱ्याच्या मदतीला म्हणून जेवणाच्या सुट्टीत अवंतिका डबा हाताशी घेऊन तक्रारींचा तो ढीग उपसत बसते. ढीग काही कमी होत नाही, रोज वर नवं येतं. काल कुणी ब्रह्मदेशातून लिहिलं होतं, भाषा धड कळत नव्हती, आणि यंत्र ती तक्रार बंद करायच्या बेतात होतं. तिनं घास खाली ठेवला आणि आधी उत्तर टाइप केलं, “मी वाचतेय. तुमची ओळ आहे तशी पाठवा, आणि तिचा अर्थ सांगा.”