गालांवरचे दोन थर

टेलरबाईंच्या चेहऱ्यावर गल्लीतले सर्वांत ठसठशीत चट्टे होते, म्हणून चॅनेलवर जायला गल्लीने त्यांनाच निवडलं. रंगाच्या कारखान्याचं पाणी नळात मिसळू लागल्यापासून चट्टे घरोघर आले होते. पण कुणाचे पाठीवर, कुणाचे भलतीकडेच. ते कॅमेऱ्यासमोर दाखवायचे कसे? बाईंचे मात्र दोन्ही गालांवर, लालभडक. कारखान्याच्या साहेबांसमोर बसायचं आणि तोंड दाखवायचं, एवढंच काम होतं.

"वहिनी, निदान पावडर तरी लाव," निघताना नणंद म्हणाली. "जन्मभर कपडे शिवून लोकांना नटवलंस आणि स्वतः अशी निघालीस?"

"वन्सं, पावडरच लावायची तर जाऊ कशाला?"

स्टुडिओत सोबत आलेल्या नणंदेला काचेबाहेर बसवलं आणि बाईंना मेकअपदादाच्या खुर्चीत. त्याने आधी चष्मा काढून घेतला.

"लाइटमध्ये काचा चमकतात, मावशी."

चष्म्याशिवाय बाईंना आरशातली बाई म्हणजे धुक्यातलं गाठोडं. दादा गालांवर काहीतरी थोपटत राहिला.

"हे कशाला?"

"घाम दिसू नये म्हणून. सगळ्यांनाच लावतो."

सगळ्यांनाच म्हटल्यावर बाईंनी गाल पुढे केला. दादाचा हात मोठा मायेचा होता. चेहऱ्यावर डाग दिसला की त्याला चैन पडत नसे.

कार्यक्रम सुरू झाला. बाईंनी मान ताठ केली. "बघा माझ्या तोंडाकडे. हे तुमच्या पाण्याने झालंय."

साहेबांनी अगदी सवडीने बघितलं. "ताई, रागावू नका, पण मला तर काहीच दिसत नाही. प्रेक्षकांनीच ठरवावं."

निवेदिकाही बाईंकडे बघून घुटमळली. काचेपलीकडे धूसर दिसणारी नणंद स्वतःच्या गालांवर चापट्या मारत होती. बाईंनी गालावरून बोट फिरवलं आणि डोळ्यांजवळ नेलं. बोटाला कातडीच्या रंगाचं लुकण.

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

"आग सोसायची आम्ही, आणि ती दिसायला लागली की वरून रंग मारायचा तुम्ही? रंगाने नासवलं ते रंगानेच झाकता?"

"आपण एक छोटा ब्रेक घेऊ," निवेदिका म्हणाली.

"ब्रेक नको. तो मेकअपवाला बोलवा. ज्याने लावलंय त्याने काढायचं."

बाईंनी टेबलाची कड अशी धरली, की टेबलासकटच उचलावं लागलं असतं. शेवटी दादा कापूस घेऊन आला, फुरंगटलेला.

"तेव्हाच सांगायचं होतं, मावशी. एवढं निगुतीने केलेलं काम."

"चष्मा काढून घेतलास, मग दिसणार कशाने? पूस."

एक गाल पुसून झाला. चट्टा जागच्या जागी होता. निवेदिका नकळत खुर्चीसकट मागे सरकली.

साहेब खाकरले. "अहो, असे चट्टे उन्हानेसुद्धा येतात."

दादाने मान वर केली. त्याला कुणाची बाजू घ्यायची नव्हती. त्याला फक्त आपल्या कामाबद्दल कुणी काही भलतंसलतं बोललेलं खपत नसे. "काय साहेब, मघाशी मेकअप करताना तुम्हीच म्हणालात ना, कारखान्याच्या क्वार्टर्सला तेच पाणी येतं म्हणून? मावशींना दोनच थर लागले. तुमच्या मानेला तीन."

साहेबांचा हात कॉलरकडे गेला. पडद्यावर तडक जाहिरात लागली.

दिवे मंद झाले. बाई बोलल्या, हळू आवाजात. पण त्या आवाजाला धार होती.

"घरी तुमची पोरंही खाजवत असतील. तरी मला 'काहीच दिसत नाही' म्हणायला तुमची जीभ रेटली कशी?"

"नोकरी आहे, ताई," साहेब टेबलाकडे बघत म्हणाले.

"मग आम्हाला काय त्या पाण्याने आंघोळ करायची हौस आहे?"

दादा सवयीने स्पंज घेऊन पुढे आला. बाईंनी त्याचा हात बाजूला सारला, त्याच्या डब्यातला कापूस उचलला आणि साहेबांपुढे धरला.

"दिवे लागतायत. कॉलर खाली करा. तुमचा हात धजत नसेल, तर मी पुसते."