खालून आलेला आवाज

तिने गादी अर्धा हात डावीकडे सरकवली, मान वर करून दगडाकडे बघितलं आणि गादी पुन्हा होती तिथे आणून ठेवली.

"ताई, पलंग लावतेयस का?" बंब म्हणाला.

बंब अग्निशामक दलात होता. हे नाव त्याला नोकरीने दिलं की पोटाने, यावर दुमत होतं. त्याच्या शेजारी मास्तर बसले होते. ते शाळेत गणित शिकवायचे आणि बोटांना खडू लावायला शनिवारीही तयार असायचे. दोघांच्या मध्ये फडक्यावर पाव, उकडलेली अंडी, काकडी आणि मिरपूड लावलेले बटाटे मांडून ठेवले होते. ऊन उतरलं होतं, पण दगड अजून कोमट होता.

"आठ महिने सुकंच खातोय आम्ही," बंब अंडं सोलता सोलता म्हणाला. "ते मसुरीचं सूप कुठे गेलं तुझं?"

"झाकण बिघडलंय डब्याचं."

"आठ महिने?"

तिने गादीची कड दाबून बघितली. तिचा धाकटा भाऊ बुटाची नाडी बांधत होता. इतके दिवस तो गादीच्या कडेला बसून इतरांना चढताना बघायचा. आज बूट घेऊन आला होता. उजव्या घोट्यावरचा व्रण त्याने मोज्याखाली नीट झाकला, उभा राहिला आणि सहज बोलल्यासारखा म्हणाला,

"खाली ताई राहील."

"मी आहे की," मास्तर उठू लागले.

"तुम्ही खा हो मास्तर."

*

खाणीमागच्या त्या दगडाला ते आत्याबाई म्हणायचे. उंची दोन पुरुष, वरच्या अंगाला पुढे आलेली हनुवटी, आणि कितीही मनधरणी करा, चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. दोर नाही, खिळा नाही. पडलात तर खाली गादी, आणि गादीशेजारी हात वर करून उभा असलेला एक माणूस. हा माणूस झेलत नाही; अख्खा गडी कोण झेलणार? पडणाऱ्याच्या पाठीला हात लावून त्याला गादीच्या मध्यावर वळवायचं, एवढंच त्याचं काम. त्यासाठी नजर वर हवी. बाकी काही नसलं तरी चालतं.

म्हणून त्यांची एक रीत होती. चढणारा विचारणार, आहेस? खालचा म्हणणार, आहे. त्यानंतरच पाय जमिनीवरून सुटणार.

*

तो पडला, त्याच्या हकिकती तीन.

आईला सांगितलेली: वायरिंगच्या कामावर शिडी सरकली. आई आजही त्या शिडीला शिव्या घालते.

डॉक्टरांना सांगितलेली: बुटाला ओल होती.

चौघांनी मिळून ठरवलेली: हनुवटीखालची खाच हुकली.

चौथी तिच्याजवळ होती. डब्यातून सूप पाझरून पिशवीत उतरत होतं. ती वाकून झाकण आवळत होती. मागून आवाज आला, "आहेस?" आणि तिच्या तोंडातून आपोआप गेलं, "आहे." ती वळली तेव्हा तो हवेत होता. गादीच्या काठावर पाय वाकडा पडला. तीन स्क्रू बसले. चार महिने शिडी नाही, म्हणजे काम नाही. ती चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना "इथे बघा, आता इथे" सांगायची. संध्याकाळी दुकान बंद करून त्याच्याकडे डबा पोचवायची. झाकणाचा नाही; फडक्यात बांधलेला.

*

भावाने हातांना खडूची पूड चोळली. दोन्ही हात खालच्या खाचेत घातले. डावा पाय दगडाला लावला.

"आहेस?"

तिचे हात वर होते. नजर वर होती. तोंड उघडलं आणि शब्द दुसराच आला.

"नाही."

बंबचा अंड्याचा हात वाटेत थांबला.

"म्हणजे?" भावाने मान वळवली नाही.

"त्या दिवशी नव्हते. आहे म्हटलं, पण पाठ होती तुझ्याकडे. सूप सांडत होतं." ती एका दमात बोलली, मग हळू म्हणाली, "झाकण लावत होते."

भावाने कपाळ दगडाला टेकवलं.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"तू वर बघून बोललीस की आवाज दगडावर आपटून येतो. त्या दिवशी पिशवीत गेला."

मास्तरांनी काकडीची फोड खाली ठेवली.

"मग चढलास कशाला?"

"वाटलं, तू वळेपर्यंत पोचेन वर. मास्तरांना आदल्या शनिवारी जमलं होतं ना."

"मला?" मास्तर म्हणाले. "अरे, मी तर गुडघ्यावर चढलो होतो."

कुणी हसलं नाही. बंबला हसू आलं होतं, पण त्याने ते अंड्याबरोबर गिळलं.

"आणि आठ महिने बोलला नाहीस."

"रोज विचार करायचो, आज सांगू." भावाने एक हात सोडून बोटं झटकली. "मग तू डबा घेऊन यायचीस. उशी सरळ करायचीस. म्हटलं, जेवून सांगू."

तिला हलकं वाटायला हवं होतं. आठ महिने ती या एका वाक्याची वाट बघत होती: तू एकटीच चुकली नव्हतीस. ते वाक्य आलं, आणि तिला राग आला. रात्री जागून काढलेल्या, दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघता बघता मध्येच हरवलेल्या, आईने शिडीला दिलेल्या शिव्या निमूट ऐकलेल्या सगळ्या दिवसांचा राग. आणि त्याच वेळी, त्याच्या उजव्या टाचेचं हलकं थरथरणंही तिला दिसत होतं.

"उतरलास की मार खाणार आहेस," ती म्हणाली.

"बरं."

"बरं काय."

तिने पायाने गादी अर्धा हात डावीकडे सरकवली. या वेळी परत आणली नाही. हनुवटीखाली जाऊन तिने दोन्ही पाय रुंद रोवले, हात वर केले, बोटं जुळवली.

"आता विचार."

"आहेस?"

त्याच्या टाचेपासून पाठीपर्यंत, पाठीपासून वरच्या खाचेपर्यंत तिने एकदा बघून घेतलं.

"आहे."

शब्द दगडावर जाऊन परत आला. तो तसाच थांबला, डोकं जरा कलतं करून. मग त्याने उजवा पाय जमिनीवरून उचलला.