वाळकी काडी

बोंड ज्वारीच्या दाण्याहून लहान होतं. वाळून त्याच्या पाच फाकी झालेल्या, आणि कडांना भिंगाखालीच दिसतील असे आखूड, मागे वळलेले केस. केस मागे वळलेले, म्हणजे शंकाच नको. ती तापल्या खडकावर गुडघे टेकून पाहत राहिली. हे दुर्मीळ रोप असल्याच उथळ खळग्यात, बोटभर मातीत यायचं. पावसाबरोबर उगवून, फुलून, बी टाकून थंडीआधी संपायचं. आता उरलं होतं मातीतलं बी आणि या चार काड्या.

शेजारीच सरांनी जेवून टाकलेली हाडं पडली होती. त्यांवर माश्या घोंघावत होत्या.

"काय मॅडम, सोनं सापडलं का?" छत्रीखालून खाणमालकांनी विचारलं.

"हिचं असंच," सर बोटं चाटत म्हणाले. "ताट वाढलं तर आधी शितं मोजेल."

दोघे खो खो हसले.

फुलांची पाहणी, आणि ती भर उन्हाळ्यात! पहिल्या वर्षी तिला वाटलं होतं, सरांच्या तारखा चुकल्या. मग कळलं, खाणीच्या आड येणारं काही सापडू नये म्हणून तारखा अगदी नेमक्या होत्या. तरी दर वर्षी ती मूग गिळून येत राहिली. भिंग डोळ्याशी कसं धरायचं, हे याच माणसाने शिकवलं होतं.

"मग काही नाही असं धरू ना?" खाणमालकांनी सरांना विचारलं. "पावसाआधी सुरुंग लावायचेत."

"काही नाही हो. नागडा खडक आहे."

सरांनी वाकून खळग्यातली एक काडी मोडली आणि दात कोरू लागले. दाढेतून मांसाचा धागा निघाला. त्यांनी तो उन्हात धरून निरखला. काडीच्या दुसऱ्या टोकाला बोंड तसंच होतं.

असलंच बोंड त्यांनी एकदा तिच्या तळहातावर ठेवलं होतं. म्हणाले होते, "श्वास जपून सोड गं, बी उडेल."

"चला, ऊन लागतंय," म्हणत सरांनी काडी भिरकावली.

ती उठली. गुडघ्यांना चिकटलेली माती तिने खळग्यातच झटकली, मग खाणमालकांकडे वळली.

"इथे आहे. पावसात फुललं की दाखवीन. तोवर सुरुंग लागणार नाहीत. मी वनखात्याला लेखी कळवतेय."

"अगं, काय बोलतेस?"

"आणि सर," ती म्हणाली, "यापुढे मी तुमच्याबरोबर काम करणार नाही."