दोन खोल्यांची एक खिडकी

मी एक जुनी खिडकी आहे. पण मित्रांनो, मी आता धड एका खोलीचीसुद्धा उरलेली नाही. माझी डावी झडप एका खोलीत राहते आणि उजवी शेजारच्या खोलीत. माझ्या मधल्या खांबाला प्लायवुडची भिंत येऊन टेकली आहे. भाऊ वेगळे निघाले की भांडी वाटून घेतात हे मी ऐकलं होतं. खिडकी वाटून घेतलेली मात्र मी दुसरी पाहिली नाही.

मला राग आला आहे. आत्मवृत्त सांगताना रागावू नये, गोड बोलावं, असं म्हणतात. पण नऊ वर्षं जिचं नाक दाबून धरलं, तिने गोड कसं बोलावं?

मला एका म्हाताऱ्या सुताराने घडवलं. रंधा मारता मारता तो गुणगुणायचा आणि भुसा त्याच्या मिशांवर बसायचा. त्याची ती ओळ माझ्या लाकडात अजून मुरलेली आहे:

*खिडकीबाई खिडकी, वाऱ्याला वाट दे,*
*घरच्या लेकीला गं, उजेड ताटात दे.*

मला भिंतीत बसवताना तो गवंड्याला म्हणाला, "दार म्हणजे घराचं तोंड आणि खिडकी म्हणजे नाक. तोंड मिटलं तर चालतं बाबा, नाकाला हात लावू नये." गवंडी हसला. मी मात्र ते शब्द धरून ठेवले.

तेव्हा ही एकच मोठी खोली होती. घरातली आई माझ्यापाशी शिवणयंत्र ठेवून बसायची. तिच्या लहान मुलाला खोकल्याची ढास लागली की ती यंत्र थांबवायची, मला सताड उघडायची आणि त्याला माझ्या कट्ट्यावर बसवायची. "घे, मोठा श्वास घे. खिडकी कुठे पळून जात नाही." तो श्वास घ्यायचा, मी वारा द्यायचे. माझी वरची बिजागरी कुरकुरायची. आई म्हणायची, "बघ, ही पण खोकते तुझ्यासारखी." मुलगा हसायचा आणि हसता हसता त्याची ढास थांबायची. ती माझी सुखाची वर्षं. माझं कौतुक व्हायचं, देव्हारा पुसावा तसं मला दर आठवड्याला पुसलं जायचं, आणि बिजागरीत तेलाचे दोन थेंब पडायचे.

आई गेली. मुलगा मोठा झाला आणि घराचा मालक झाला. घर मोठं, माणूस एकटा, म्हणून त्याने खोल्या शिकणाऱ्या मुलामुलींना भाड्याने दिल्या. त्याबद्दल माझी तक्रार नाही. रिकाम्या खोलीपेक्षा भरलेली खोली खिडकीला कधीही बरी. पण खोल्या पाच होत्या, त्याला सहा हव्या झाल्या. आणि सहावी खोली त्याने कुठे काढली? माझ्या पोटात.

प्लायवुडची भिंत उभी राहिली. घाईघाईने केलेलं काम ते. तिची कड आणि माझा खांब यांत बोटभर फट राहिली. मला उघडलं की वारा त्या फटीत शिरायचा आणि भिंत थडथड वाजायची. दोन्हीकडचे भाडेकरू कुरकुरले. आता तुम्हीच सांगा, दुरुस्त काय करायला हवं होतं? भिंत. मालकाने काय केलं? एका रविवारी तो स्वतः ड्रिल घेऊन आला आणि माझ्या दोन्ही झडपांत चार-चार स्क्रू मारून मला चौकटीला जखडून टाकलं. वरून लांबी, म्हणजे पुट्टी भरली, ऑइलपेंटचे तीन हात मारले. जखमा दिसेनाशा झाल्या. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती ही अशी.

ज्याला मी श्वास दिला, त्यानेच माझा श्वास बंद केला. हे मी कुणाला सांगणार? म्हणतात, नाक दाबलं की तोंड उघडतं. इथे नऊ वर्षं नाक दाबलेलं होतं आणि तोंड कुणाचंच उघडलं नाही.

नऊ वर्षांत किती जण आले. प्रत्येकाने पहिल्या दिवशी मला एकदा ढकललं, म्हटलं, "अडकलीये वाटतं," आणि सोडून दिलं. कुणी माझ्यावर वेळापत्रक चिकटवलं. कुणी ओले मोजे टांगले. आतली वाफ, ओले टॉवेल, रात्रंदिवसाचे श्वास, सगळं आतच राहायचं. भिंतीला ओल धरली. पोपडे आले. माझ्या खालच्या कोपऱ्यात काळी बुरशी पसरली. आणि प्रत्येक जण जाताना मालकाकडून एकच वाक्य ऐकून गेला, "तुम्ही मुलं खिडकी उघडत नाही, म्हणून हे होतं."

मुलं. उघडत. नाहीत. म्हणून.

यंदा डावीकडे कायदा शिकणारी मुलगी आली आणि उजवीकडे नर्सिंग शिकणारी. दोघींना एकमेकींची नावं माहीत असतील, पण मी ती कधी ऐकली नाहीत. एक 'वकीलबाई', दुसरी 'सिस्टर'. त्याचं कारण असं की या घरात माणसं बोलत नाहीत, चिकटवतात. फ्रिजवर चिठ्ठी, गॅसवर चिठ्ठी, बाथरूमच्या दारावर तर चिठ्ठ्यांचा थर. 'केस उचला.' 'दूध कुणी संपवलं त्याला कळतं.' या दोघींनीही एकमेकींच्या दारावर चिकटवायला सुरुवात केली.

'सिस्टर, तुझ्या बाजूची खिडकी उघडत जा. तुझी बंद असते म्हणून माझी अडकते.'

'वकीलबाई, तुझी अडकलीये म्हणून माझी उघडत नाही. आणि दिवसा मोठ्याने पाठांतर करू नकोस, मी रात्रपाळी करून झोपलेली असते.'

'पाठांतर नाही, खोकला आहे.'

मी दोघींच्या मध्ये उभी. दोघींनाही खरं माहीत नाही आणि मला सांगता येत नाही. तुम्हाला कधी वर्गात न केलेल्या चुकीची शिक्षा झाली असेल, तर माझी तडफड तुम्हाला कळेल.

वकीलबाईचा खोकला वाढत गेला. मग एका सकाळी मालक खोल्या तपासायला आला. काळा कोपरा पाहून त्याने एक कागद तिच्या टेबलावर ठेवला.

"हे बघ मुली, भिंतीची वाट लावलीस. ओल तुझ्या निष्काळजीपणामुळे आली, असं यात लिहिलंय. सही कर आणि महिनाअखेर खोली सोड."

"काका, माझी परीक्षा त्याच्या पुढच्याच आठवड्यात आहे. तेव्हा मी खोली शोधू की अभ्यास करू?"

"तो विचार खिडकी बंद ठेवताना करायचा होता."

"उघडतच नाही ती."

"येताना तूच सही केली आहेस. खिडकी चालू स्थितीत. दाखवू कागद?" त्याने कागद दाखवला. खाली तिची सही होती. "रविवारी येतो. तोवर सही करून ठेव."

तो गेल्यावर तिने मला दोन्ही हातांनी ढकललं. मग खांद्याने. मग कपाळ माझ्या काचेला टेकवून ती खोकत राहिली. मित्रांनो, लाकडाला रडता येत नाही याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

पलीकडे सिस्टर जागी होती. प्लायवुडमधून सगळं ऐकू येतं, कुजबुजसुद्धा. ती उठली, मास्क लावला, जुनी स्टीलची पट्टी घेतली आणि माझ्या कोपऱ्यातली बुरशी खरवडू लागली. तिला घाण सहन होत नाही. आणि शेजारणीचा खोकला आता तिला पाठांतरासारखा वाटत नव्हता. खरवडता खरवडता रंगाचा एक पोपडा उडाला. त्याखालची लांबी गळून पडली. आत काहीतरी चमकलं.

ती थबकली. तिने आणखी खरवडलं. एक स्क्रू. दोन. तीन. चार.

या वेळी तिने चिठ्ठी लिहिली नाही. प्लायवुडवर टकटक केली. "वकीलबाई, इकडे ये."

वकीलबाईने येऊन पाहिलं. मग आपल्या खोलीत परत जाऊन माझ्या डाव्या झडपेवरून बोटं फिरवली. रंगाखाली चार बारीक उंचवटे लागले. नऊ वर्षांनी कुणीतरी माझी नाडी पाहिली.

सिस्टर दारात येऊन उभी राहिली. "कायदा शिकतेस आणि न वाचता सही केलीस?"

"वाचून केली होती. सहीआधी ढकलून पाहिली नव्हती." ती पहिल्यांदाच हसली, पण त्या हसण्यातही खोकला होता. "आणि तुला चार महिने शिव्या घातल्या."

"घातल्या कुठे, चिकटवल्यास. जपून ठेवल्यात मी सगळ्या. थांब, ही बाजू खरवडून देते."

"नको. ही तशीच राहू दे."

रविवारी मालक आला. वकीलबाईने कागद पुढे केला नाही. ती शांतपणे म्हणाली, "काका, सही करते. आधी एकदा तुम्ही ही उघडून दाखवा. मला जमत नसेल."

"त्यात काय दाखवायचं?" तो पुढे झाला आणि त्याने मला ढकललं. मग बाही सारून ढकललं. त्याचे कान लाल झाले. तो विसरला होता की विसरल्याचं दाखवत होता, हे मला अजून कळलेलं नाही.

"आता माझ्या खोलीत या, काका," सिस्टर म्हणाली. "तुमचंच काहीतरी सापडलंय."

चार उघडे स्क्रू पाहून त्याने एकावर अंगठा फिरवला. मग म्हणाला, "भिंत वाजायची. मुलं तक्रार करायची."

"मग भिंत घट्ट करायची," वकीलबाई म्हणाली. "या कागदावरचं ते वाक्य खोडा, काका. आणि खाली लिहा, खिडकी मी बंद केली होती. परीक्षा होईपर्यंत मी कुठेही जाणार नाही."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग वाक्य खोडलं, लिहिलं, सही केली. "स्क्रू काढायला माणूस पाठवतो."

"माणूस कशाला?" सिस्टरने कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीवाल्याकडून मागून आणलेला पेचकस त्याच्या हातात दिला. "लावले तुम्हीच ना?"

आठही स्क्रू त्याने स्वतः काढले. त्याच्या कपाळावर घाम आला. शेवटचा निघाला आणि त्याने डावी झडप ढकलली. रंगाची कड तडकली, बिजागरी कुरकुरली, आणि नऊ वर्षांचा कोंडलेला वास बाहेर पडून गेला. तो तिथेच उभा राहिला, एक हात माझ्या कट्ट्यावर ठेवून.

"अजून खोकते," तो हळूच म्हणाला. मुलींना वाटलं, तो वकीलबाईबद्दल बोलतोय.

त्याला मी माफ केलं का? नाही. एक श्वास परत दिला म्हणजे नऊ वर्षांचे श्वास परत येत नाहीत. या खोलीतून खोकत गेलेल्या, स्वतःलाच दोष देत गेलेल्या सगळ्या मुलांना जाऊन कोण सांगणार, की चूक तुमची नव्हती?

वारा आत आला तशी प्लायवुडची भिंत पुन्हा थडथडू लागली. सिस्टर आपल्या खोलीत गेली आणि मुठीत काहीतरी घेऊन आली. चार महिन्यांच्या चिठ्ठ्या. 'पाठांतर नाही, खोकला आहे.' 'तुझी बंद असते म्हणून.' दोघींनी जमिनीवर बसून एकेक चिठ्ठी घडी घालून जाड केली आणि फटीत पाचरीसारखी ठोकली, वरून खालपर्यंत. भिंत गप्प झाली.

मित्रांनो, उद्या तुम्हीही शिकायला कुठेतरी जाल, परक्या घरात खोली घ्याल. कागद वाचा, पण सही करण्याआधी खिडकीला हात लावा. उघडली नाही तर स्वतःला दोष देऊ नका, शेजारच्या खोलीलाही देऊ नका. रंगावरून बोट फिरवून पाहा. आणि पुढे कधी तुम्ही घराचे मालक झालात, तर घराच्या नाकाला हात लावू नका.

आता सकाळ झाली आहे. वकीलबाई माझ्यापाशी जेवायला बसली आहे. एका हातात पुस्तक, एका हातात घास. उजेड तिच्या ताटात पडला आहे.